पाद्री गुरूंची मराठी पोथी

चातुर्मास संपतो, घरोघरच्या पोथ्यांचे शेवटचे अध्याय वाचून होतात, आणि पंधरवड्याने येणाऱ्या कार्तिक वद्य एकादशीस वसई तालुक्यातील भाविकांची पावले निर्मळच्या यात्रेकडे, श्रीशंकराचार्यांच्या समाधिस्थानाकडे वळतात. बोळिंज, नंदाखाल, उमराळे, निर्मळ हा सारा पट्टा वाड्यांचा. येथे हिंदू आणि ख्रिस्ती कुंपणाला कुंपण लावून नांदत आले. सामवेदी समाजात तर दोन्ही धर्मांची घरे असून त्यांची कादोडी बोली एकच आहे. या घरात आजीच्या मांडीशी बसून मूल हरिविजय ऐकते. त्या घरातले मूल रविवारी चर्चमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते. त्या वर्गात काय शिकवतात आणि कोणत्या भाषेत, हे शेजारी सहसा विचारीत नाही. मराठी मुलुखात ख्रिस्ती धर्मपाठाला मराठी पोथीचे रूप ज्याने दिले, त्या सत्पुरुषाचे चरित्र मात्र पोथी वाचणाऱ्या प्रत्येक घराने एकदा जाणून घ्यावे असे आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात १५४९च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्या काळी राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथलिक उपासनेला कायद्याने बंदी होती. मुलाला आईबापांचा धर्म शिकवायचा तर तोही लपून छपून. थॉमस पाउंड नावाचा एक श्रद्धाळू गृहस्थ त्यांचा स्नेही होता. त्याचा नोकर असल्याची बतावणी करून स्टीफन्स काही काळ राहिले. दोघांनी मिळून रोमला जाण्याचा बेत केला. परंतु पाउंडला अटक झाली आणि त्याची पुढील अनेक वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ साली येशूसंघात दाखल झाले. स्वधर्माचे शिक्षण राजसत्तेच्या धाकाने बंद पडते तेव्हा काय होते, हे त्यांनी असे प्रत्यक्ष पाहिले होते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे गलबत २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. प्रवासवर्णनाचे जे पत्र त्यांनी वडिलांना धाडले, ते पुढे इंग्लंडात छापले गेले. मात्र इंग्लंडचे दर्शन त्यांना पुन्हा घडले नाही. मध्यंतरी थोडा काळ वसईस काढला, तो सोडला तर उरलेली चाळीस वर्षे त्यांनी साष्टी प्रांतातच घालविली. (मुंबईजवळची साष्टी वेगळी, ही गोव्यातील.)

त्या साष्टीची कथा आपल्या वाचकांना ठाऊक आहे, आणि ती सौम्य करून सांगण्याचे कारण नाही. स्टीफन्स येण्यापूर्वी दहाबारा वर्षे पोर्तुगीज सत्तेने तेथील शेकडो देवळे पाडली होती. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला. देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले. जुने ग्रंथ बाळगण्यास मनाई झाली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या संतप्त ग्रामस्थांनी पाच येशूसंघी धर्मगुरूंना ठार केले. त्यांचे देह आणण्यास गेलेल्यांत स्टीफन्स होते. पुढे सरकारने कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कपटाने मारले. मायदेशी सत्तेने नाडलेला हा मनुष्य येथे मात्र नाडणाऱ्या सत्तेच्या आश्रयाला होता. ही विसंगती त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही, आणि पुसूही नये.

परंतु त्या सत्तेच्या छायेत राहून त्यांनी जे केले, ते सत्तेच्या रीतीचे नव्हते. ते येथील भाषा शिकले. कोंकणी तर शिकलेच. शिवाय मराठीचा, तिच्या ओवीबद्ध ग्रंथांचा त्यांनी असा अभ्यास केला की त्यांची लेखणी येथल्याच मातीतली वाटावी.

त्यांच्या ग्रंथाच्या आरंभी आलेली हकीकत मोठी बोलकी आहे. एका रविवारी साष्टीतील एका चर्चमध्ये मुलांचा धर्मपाठ चालू होता. तेथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण आला. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण आम्हांस का देत नाही, असे त्याने पाद्री गुरूंना विचारले. हा प्रश्न साधा नव्हे. घोकून घेतलेल्या प्रश्नोत्तरांनी मुलाचे पाठांतर होते. परंतु सायंकाळी घरात बसून ऐकायला कथा लागते, ओवीची लय लागते. धर्मांतराने देव बदलला तरी कानाची ही भूक बदलली नव्हती. स्टीफन्सना ती ओळखता आली, हेच त्यांचे थोरपण.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली रायतूरच्या येशूसंघाच्या छापखान्यात छापला गेला. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून बायबलाच्या जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. रचना आपल्या पुराणांसारखीच संवादाची. स्वर्गाला वैकुंठ म्हणणारी ही ओवी एकनाथी भागवत ऐकलेल्या कानाला परकी वाटत नाही. मराठी भाषेच्या थोरवीवरच्या त्यांच्या ओव्या तर धर्मभेद न मानता मराठी माणसाने आपल्या मानल्या.

लहान मुलांसाठी त्यांनी कोंकणीत धर्मपाठाचे वेगळे पुस्तक रचले. ते त्यांच्या निधनानंतर १६२२ साली रायतूर येथेच निघाले. १६४० साली छापलेले कोंकणीचे व्याकरणही त्यांचेच. त्यात दुसऱ्या एका धर्मगुरूने भर घातली होती. १६१९ साली गोव्यातच त्यांचा देह पडला.

यातून आजच्या घरातला एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. शाळेत ख्रिस्ती मुलांना त्यांच्या धर्माचा तास असावा काय? आपल्या राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाने ही वाट आखून दिली आहे. सर्वस्वी सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. सरकारमान्य वा अनुदानित शाळेत ते दिले जात असेल, तर पालकाच्या संमतीवाचून अज्ञान मुलाला तेथे बसविता येत नाही. हे दोन्ही बांध नीट पाळून एखाद्या शाळेत ख्रिस्ती मुलांना तासभर त्यांची शुभवार्ता सांगितली जात असेल, तर ज्या घरात पोथी उघडल्यावाचून चातुर्मास सरत नाही त्या घराने त्या तासाची पाठराखण करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. शेजारचे मूल आपल्या पोथीवाचून वाढावे, असे कोणती पोथी शिकविते? पाठराखण करताना अट एकच, की हिंदू घरच्या मुलाला त्या वर्गात नकळत ओढले जाऊ नये. साष्टीतल्या देवळांची आठवण असणाऱ्यांनी ही अट घालणे यात अनुदारपणा नाही.

सत्तेचा हात पुढे खुद्द स्टीफन्सच्या कार्यावरही पडला. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढून साष्टी-बार्देशच्या लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकून देशी भाषा टाकावी असा हुकूम सोडला. ज्या भाषेत पाद्री गुरूंनी धर्म शिकविला, तीच निषिद्ध ठरली! ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो भाविकांच्या हस्तलिखितांत. कारवारपासून मंगळूरपर्यंतच्या कानडी किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो उतरून घेतला, गायिला, जपला. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळूरला त्याची नवी आवृत्ती निघाली.

वसईच्या किल्ल्यावरून पोर्तुगीज निशाण १७३९ साली चिमाजी आप्पांनी उतरविले. सत्ता गेली, तरी येथील ख्रिस्ती समाज आणि त्याची मराठी राहिली. ‘सुबोध बायबल’ सिद्ध करणारे आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे बोळिंजच्या शेजारच्या नंदाखालचे.

स्टीफन्सची एक इच्छा त्यांच्या हयातीत अपुरी राहिली. आपले ग्रंथ येथल्याच लिपीत छापले जावेत म्हणून १६०८ साली त्यांनी रोमला पत्र लिहून खिळे पाडण्याची अनुज्ञा मागितली होती. ते साधले नाही. मराठी पुराण रोमन अक्षरांत छापावे लागले. त्यानंतर ३४० वर्षांनी, १९५६ साली, शांताराम बंडेलू यांनी संपादिलेले ख्रिस्तपुराण पुण्यात देवनागरी लिपीत प्रसिद्ध झाले.