विश्लेषण : फ्रॉईड यांच्या स्त्रीविषयक सिद्धान्ताला आव्हान देणाऱ्या कॅरेन हॉर्नाय कोण होत्या?

सतत रडू येते, झोप लागत नाही, आपण कशाच्याच लायक नाही असे वाटते, अशी तक्रार घेऊन एखादी स्त्री समुपदेशकाकडे येते. दोष फक्त तिच्या मनात शोधायचा, की तिचे घर, पैसा आणि समाजातले स्थानही पाहायचे? स्त्रीवादी समुपदेशनाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. मनोविश्लेषणाच्या क्षेत्रात तो शंभर वर्षांपूर्वी विचारणाऱ्यांमध्ये डॉ. कॅरेन हॉर्नाय यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली.

डॉक्टर होण्यापर्यंतचा प्रवास कसा होता?

हॉर्नाय यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८५ रोजी जर्मनीत हॅम्बुर्गजवळच्या ब्लांकेनेझे येथे झाला. वडील जहाजाचे कप्तान आणि कडक शिस्तीचे. मुलीच्या उच्च शिक्षणाला त्यांचा विरोध होता. आई मात्र पाठीशी उभी राहिली. १९०६ मध्ये कॅरेन यांनी फ्रायबुर्ग विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी प्रवेश घेतला. जर्मनीतील अनेक विद्यापीठांची दारे तेव्हा मुलींसाठी बंद होती.

१९०९ मध्ये ऑस्कर हॉर्नाय यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि पुढे तीन मुली झाल्या. शिक्षण, संसार आणि बाळंतपणे एकाच वेळी सुरू असताना त्यांना नैराश्याने गाठले. उपचारासाठी त्या फ्रॉईड यांचे निकटचे सहकारी कार्ल अब्राहम यांच्याकडे गेल्या. म्हणजे डॉक्टर होण्याआधी त्यांनी रुग्णाची बाजूही अनुभवली होती. १९२० मध्ये सुरू झालेल्या बर्लिनच्या मनोविश्लेषण संस्थेत त्या पहिल्यापासून होत्या आणि तिथे शिकवतही होत्या.

वाद नेमका कशावरून झाला?

आपल्याला मुलांसारखे लिंग नाही हे लहान मुलीला उमगते, तिला त्याचा हेवा वाटतो आणि त्या उणिवेच्या भावनेतून तिचे मन घडते, असा फ्रॉईड यांचा सिद्धान्त होता.

हॉर्नाय यांनी १९२२ पासून या मांडणीवर प्रश्न उपस्थित केले. १९२६ च्या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की लहान मुलाच्या मनात मुलींविषयी असलेल्या कल्पना आणि मनोविश्लेषणातील स्त्रीचे चित्र जवळपास सारखेच आहे. शास्त्र पुरुषांनी घडवले, त्यामुळे त्यात नजरही पुरुषाचीच उतरली, हा त्यांचा मुद्दा होता. गर्भारपण आणि मातृत्वाचा हेवा पुरुष रुग्णांमध्ये आपल्याला दिसतो, असेही त्यांनी नोंदवले.

स्त्रीला हेवा वाटतो तो पुरुषाला मिळणाऱ्या संधींचा, हे त्यांच्या मांडणीचे सार होते. १९३५ च्या निबंधात त्या आणखी पुढे गेल्या. सोसत राहणे हा स्त्रीचा स्वभावच, हा समज त्यांनी तपासला. पैशासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणे आणि घराबाहेर वाव नसणे यांचा त्यात किती वाटा आहे, हे पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. फ्रॉईड यांनी १९३१ च्या निबंधात हॉर्नाय यांच्या मतांची दखल घेतली, पण ती मान्य केली नाहीत.

अमेरिकेत काय घडले?

पतीपासून १९२६ मध्येच वेगळ्या झालेल्या हॉर्नाय १९३२ मध्ये शिकागोला आणि दोन वर्षांनी न्यूयॉर्कला गेल्या. १९३७ मधील त्यांचे ‘द न्यूरॉटिक पर्सनॅलिटी ऑफ अवर टाइम’ हे पुस्तक गाजले. १९३९ च्या पुस्तकात त्यांनी फ्रॉईड यांच्या अनेक मूळ कल्पना नाकारल्या. त्यानंतर १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मनोविश्लेषण संस्थेने विद्यार्थी घडवण्याचा त्यांचा अधिकार काढून घेतला.

पंचावन्न वर्षांच्या हॉर्नाय राजीनामा देऊन बाहेर पडल्या. क्लॅरा थॉम्पसन यांच्यासह काही सहकारीही त्यांच्यासोबत गेले. त्याच वर्षी त्यांनी नवी संस्था उभारली. ४ डिसेंबर १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

आज त्यांचे महत्त्व काय?

स्त्रीवादी समुपदेशन ही वेगळी पद्धत म्हणून १९७० च्या दशकात आकाराला आली. समुपदेशक आणि समोरची व्यक्ती यांच्यातील नाते बरोबरीचे असावे, उपचारात सत्ता आणि भेदभावाचाही विचार व्हावा, ही तिची तत्त्वे हॉर्नाय यांच्या हयातीनंतरची. शिवाय उत्तरायुष्यात त्यांनी केवळ स्त्रियांविषयी फारसे लिहिले नाही. माणसाच्या मनातील ‘मी असेच असायला हवे’ या जाचावर त्यांचा भर राहिला.

मात्र त्यांचे जुने निबंध १९६७ मध्ये ‘फेमिनिन सायकॉलॉजी’ या नावाने पुस्तकरूपात आले, तेव्हा अमेरिकेत स्त्री चळवळ जोर धरत होती. चार दशकांपूर्वी बाजूला सारलेली मांडणी नव्या पिढीच्या हाती पडली. आदर्श सून, आदर्श आई होता येत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या स्त्रीला ‘हा आदर्श ठरवला कुणी?’ असे आज एखादी समुपदेशक विचारते, तेव्हा त्या प्रश्नामागे हॉर्नाय यांचेही काम असते.