सुधारणेचा पाया तळाशी : धनंजयराव गाडगीळांचा धडा

आर्थिक सुधारणा हा शब्द १९९१ नंतर आपल्याकडे इतका रुळला, की परवाने रद्द करणे, आयात कर घटविणे आणि परकीय भांडवलाला वाट मोकळी करणे यापलीकडे त्याला काही अर्थ असू शकतो याचाच विसर पडला. राष्ट्राची अर्थव्यवस्था ही अखेर लक्षावधी लहान व्यवहारांची बेरीज असते. शेतकरी कर्ज कोणाकडून काढतो, माल कोणाला विकतो, कामगार घर कशाच्या आधारावर बांधतो, हे व्यवहार ज्या संस्थांमार्फत होतात त्या बदलल्याखेरीज अर्थरचना बदलत नाही. या जाणिवेने ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे स्थान अग्रभागी आहे.

गाडगीळांचा जन्म १९०१ साली नाशिक येथे झाला. बालपण नागपुरात गेले. केंब्रिज विद्यापीठात त्यांनी लिहिलेला प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि भारताच्या औद्योगिक स्थित्यंतरावरील आधारग्रंथ म्हणून मान्यता पावला. जुने कारागिरी उद्योग बसले, परंतु नवे कारखाने त्या हातांना सामावून घेण्याइतके वाढले नाहीत. परिणामी शेतीवरचा भार वाढत गेला, ही प्रक्रिया त्यांनी तेविसाव्या वर्षी उलगडून दाखविली. रचनेतील बदल आपोआप हितकर ठरत नाही, हा त्या अभ्यासाचा निष्कर्ष त्यांनी पुढे कधीच नजरेआड होऊ दिला नाही.

सुरतेच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्यपद भूषविल्यावर १९३० साली त्यांनी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेची धुरा स्वीकारली व ती १९६६ पर्यंत वाहिली. सिद्धांताआधी पाहणी, ही त्या संस्थेची शिस्त होती. पुणे शहरातील कुटुंबांचे जमाखर्च, गोदावरी व प्रवरा कालव्यांखालील शेतीची मिळकत, यांची गावोगाव व दारोदार फिरून मोजदाद झाली. त्यांच्या अध्यक्षतेखालील कृषिवित्त उपसमितीने १९४५ साली जुनी कर्जे फेडण्याच्या ऐपतीइतकी कमी करावीत आणि शेतीला संस्थात्मक पतपुरवठा मिळावा, असा आग्रह धरला. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या मार्गदर्शक समितीतही ते होते. ग्रामीण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास असल्याचे त्या पाहणीतून उघड झाले. सावकार एवढा प्रबळ असताना खुल्या स्पर्धेची भाषा निरर्थक होती.

पाण्याच्या बरोबरीने प्रक्रियेची मालकीही शेतकऱ्याकडे आली नाही, तर उसाचा खरा लाभ दुसऱ्याच्याच पदरात पडतो, हे कालव्याखालच्या शेतीने दाखवून दिले होते. लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी साखर कारखान्याचा ध्यास घेतला, तेव्हा गाडगीळ त्याचे अध्यक्ष झाले. केंब्रिजचा पंडित आणि फारसे औपचारिक शिक्षण न लाभलेला शेतकरी यांच्या सहकार्यातून १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा कारखाना सुरू झाला. ऊस पिकविणारा साखरेचा धनी झाला, हा बदल लहान दिसला तरी मूलगामी होता.

१९६७ साली ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साह्य कोणाच्या मर्जीने नव्हे, तर ठरलेल्या निकषांनी मिळावे, यासाठी १९६९ साली जे सूत्र स्वीकारले गेले, ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यात ६० टक्के भार लोकसंख्येला होता. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी जिल्हा हा घटक धरून पतपुरवठा योजावा अशी शिफारस केली. अग्रणी बँक योजनेचे बीज त्यातच होते. मंडळातून बाहेर पडून पुण्याला परतत असता ३ मे १९७१ रोजी रेल्वे प्रवासातच त्यांचे निधन झाले.

या कार्याच्या उणिवाही झाकण्याचे कारण नाही. सरकारी भागभांडवलावर उभे राहिलेले अनेक कारखाने पुढे सभासदांचे न राहता पुढाऱ्यांचे झाले. कित्येक डबघाईस येऊन खाजगी हाती गेले. उसाने पाणी आपल्याकडे ओढले आणि कोरडवाहू शेतकरी मागेच राहिला. नियोजन मंडळही २०१४ साली मोडीत निघाले. तथापि संस्था बिघडली म्हणून तिच्यामागचे निदान खोटे ठरत नाही. सभासदाची जागरूकता आणि हिशेबाची शिस्त या दोन अटी सुटल्या, की सहकार म्हणजे सत्तेची शिडी होतो, एवढेच त्यातून सिद्ध होते.

मुंबईच्या उपनगरातील चारकोप याच संदर्भात पाहण्याजोगे आहे. १९८५ साली सुरू झालेल्या, जागतिक बँकेच्या साह्याच्या योजनेत येथे शासनाने तयार घरे वाटण्याऐवजी नळ, गटारे व रस्ते असलेले छोटे भूखंड दिले. भूखंडधारकांच्या सहकारी गृहनिर्माण संस्था झाल्या आणि कुटुंबांनी ऐपतीप्रमाणे भिंती उभ्या केल्या. मोठ्या भूखंडांच्या विक्रीतून लहानांचा भार हलका करण्यात आला. गाडगीळ तोवर हयात नव्हते. परंतु शासनाने पायाभूत सोय करावी, मालकी व जबाबदारी लहान माणसाकडे सोपवावी, हा विचार त्यांच्या परंपरेशी जवळचे नाते सांगणारा आहे.

आज या भूखंडांना जमिनीच्या बाजारभावाचा मोह पडला आहे. मूळ कुटुंब टिकते की विकून निघून जाते, यावरच येथील यशाची खरी परीक्षा व्हायची आहे. सुधारणा किती कायदे रद्द झाले यावर न मोजता, किती लहान माणसे आपल्या मिळकतीची धनी राहिली यावर मोजावी, हा गाडगीळांच्या आयुष्याचा अर्थ धोरणकर्त्यांनी अजून पुरता पचविलेला नाही.