तिरप्या रेषांचा प्राध्यापक

चार शहरांतले चार मित्र रात्री संगणकासमोर बसतात आणि पडद्यावर एकच नकाशा उघडतात. नकाशात एक पडका किल्ला असतो, त्याचे बुरूज, जिने आणि तळघर असते. प्रत्येक जण एका काल्पनिक पात्राची भूमिका घेऊन त्या किल्ल्यात शिरतो. किल्ला थेट वरून पाहिल्यासारखा सपाट दिसत नाही. कोपऱ्याकडून, थोड्या उंचीवरून पाहावा तसा तो दिसतो. जमिनीवरचे चौकोन शंकरपाळ्यांसारखे तिरपे झालेले असतात, तरीही त्यांवरून घरे मोजत पात्रांना पुढे सरकता येते. उंची आणि अंतर एकाच चित्रात मोजू देणाऱ्या या रेखाटनाला 'आयसोमेट्रिक', म्हणजे समान मापाचे, असे म्हणतात. त्याचे नियम प्रथम पद्धतशीरपणे मांडले ते केंब्रिजचे प्राध्यापक विल्यम फॅरिश यांनी. त्यांच्या डोळ्यांसमोर खेळ नव्हता. वर्गातली यंत्रे पुन्हा पुन्हा जोडायची कशी, ही त्यांची अडचण होती.

फॅरिश यांचा जन्म 1759 मध्ये उत्तर इंग्लंडमधील कार्लाइल येथे झाला. पुढे ते केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात दाखल झाले आणि 1778 मध्ये गणिताच्या परीक्षेत सर्वप्रथम येऊन 'सीनियर रँग्लर' ठरले. हाच मान 1899 मध्ये रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांना मिळाल्यामुळे 'रँग्लर' हा शब्द मराठी घरांत रुळला. अशा बुद्धिमंताने शुद्ध गणिताच्या वाटेने जावे, ही त्या काळची सर्वसाधारण अपेक्षा. फॅरिश यांचा ओढा मात्र कारखान्यांकडे होता.

1794 मध्ये ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. रसायनशास्त्रावर प्रयोगांसह व्याख्याने देणारे फ्रान्सिस वोलास्टन विद्यापीठात आधीपासूनच होते. त्यामुळे फॅरिश यांनी रसायनाचा उद्योगधंद्यांत होणारा उपयोग हा विषय निवडला. खाणी, धातू गाळण्याच्या भट्ट्या, सूतगिरण्या, वाफेची इंजिने अशा गोष्टी त्यांच्या व्याख्यानांत येऊ लागल्या. या व्याख्यानमालेचा आराखडा त्यांनी 1796 मध्ये प्रसिद्ध केला. ब्रिटनमधील विद्यापीठात यंत्ररचना हा स्वतंत्र विषय म्हणून शिकविणारे पहिले शिक्षक, असा त्यांचा गौरव केला जातो. 1800 पासून सेंट जाइल्स चर्चच्या धर्मगुरूपदाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. 1813 मध्ये त्यांची निसर्गविज्ञानाच्या जॅक्सोनियन प्राध्यापकपदी निवड झाली. परीक्षेत गुण देण्याच्या पद्धतीचे जनकत्वही अनेकदा त्यांच्या नावावर टाकले जाते. पण तो दावा वादग्रस्त आहे. त्यांचे खरे वेगळेपण त्यांच्या वर्गातल्या यंत्रांत होते.

देशातील सगळ्या महत्त्वाच्या यंत्रांच्या प्रतिकृती बनवून ठेवणे खर्चाचे आणि अडगळीचे ठरले असते. त्यावर फॅरिश यांनी सोपा तोडगा काढला. त्यांनी दातेरी चाके, दांडे, आस, पकडी असे एकमेकांत बसणारे ठरावीक मापाचे सुटे भाग करवून घेतले. आज त्यांतून एक यंत्र उभे करायचे, व्याख्यान संपले की मोडायचे आणि त्याच भागांतून पुढच्या व्याख्यानासाठी दुसरे जोडायचे, असा हा क्रम होता. अडचण जोडणीत होती. हे काम मदतनीस करीत, आणि कोणता भाग कुठे व किती उंचीवर बसवायचा हे त्यांना चित्रावरूनच समजायला हवे होते. वरून आणि बाजूने काढलेले वेगवेगळे आराखडे मनात जुळवून पाहणे सरावाशिवाय जमत नाही. चित्रकाराच्या पद्धतीने, म्हणजे दूरच्या वस्तू लहान दाखवून, चित्र काढावे तर ते पाहताक्षणी कळते, पण त्यावर मोजपट्टी लावता येत नाही. जाणकार नसलेल्यालाही समजेल आणि मापही देईल, असे चित्र त्यांना हवे होते.

घन ठोकळा त्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने, दुरून पाहिला अशी कल्पना करायची. ठोकळ्याची बाह्यरेषा तेव्हा षटकोनी दिसते, त्याची तीन अंगे सारखीच भासतात आणि लांबी, रुंदी व उंचीच्या रेषा एकमेकींशी 120 अंशांचा कोन करतात. तिन्ही दिशांची मापे सारख्याच प्रमाणात, सुमारे 82 टक्क्यांपर्यंत, आखूड होतात. साहजिकच तिघींना एकच मोजपट्टी चालते. समांतर रेषांची चित्रे चिनी चित्रकार आणि युरोपातील तटबंदीचे आराखडे काढणारे लोक फॅरिश यांच्या कितीतरी आधीपासून काढत होते. फॅरिश यांनी त्यांतील एका प्रकाराला नाव, गणिती आधार आणि रेखाटनाचे नियम दिले. 1819 मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीचे ते पहिले अध्यक्ष होते. या संस्थेपुढे 1820 मध्ये त्यांनी हा निबंध वाचला आणि 1822 मध्ये तो संस्थेच्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडात छापला गेला. भिंगे घासण्याच्या यंत्राचे चित्र त्यासोबत उदाहरणादाखल होते.

ही पद्धत लवकरच वर्गाबाहेर पडली. थॉमस सॉपविथ या खाण-सर्वेक्षकाने 1834 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. जमिनीखालची दालने आणि खडकांचे थर दाखविण्यासाठी ती त्याला विशेष सोयीची वाटली. फॅरिश यांचे निधन 1837 मध्ये झाले. त्यांच्या जागी आलेल्या रॉबर्ट विलिस यांनी सुट्या भागांतून यंत्र जोडण्याची कल्पना पुढे नेली. आयसोमेट्रिक चित्र तर अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या पाठ्यक्रमाचाच भाग झाले.

जमिनीखालच्या दालनांची गरज खेळांनाही पडली. 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आला, तेव्हा तळघरांचे नकाशे चौकटीच्या कागदावर सपाट काढले जात. अनेक मजली वास्तूत कोणता जिना कुठे उघडतो, हे त्यांवरून चटकन उमगत नसे. 1983 च्या 'रेव्हनलॉफ्ट' या साहसकथेत डेव्हिड सदरलँड यांनी किल्ल्याचे नकाशे आयसोमेट्रिक पद्धतीने काढले आणि बुरुजापासून तळघरापर्यंतचे नाते नजरेपुढे आले. पुढे हे खेळ इंटरनेटवर आल्यावर तिरपे नकाशेही पडद्यावर आले.

मात्र फॅरिश यांच्या पद्धतीची एक अट आहे. एकच मोजपट्टी चालते ती फक्त त्या तीन दिशांना समांतर असलेल्या रेषांवर. जमिनीवरच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण प्रत्यक्षात सारखे असतात, पण चित्रात एक कर्ण दुसऱ्याच्या सुमारे 1.73 पट लांब होतो. पडद्यावर सरळ रेघ ओढून अंतर मोजणारा खेळाडू इथेच फसतो. एकाच अंतरावरच्या दोन शत्रूंपैकी एक त्याला बाणाच्या टप्प्यात वाटतो आणि दुसरा टप्प्याबाहेर. म्हणून घरे मोजावीत, पडद्यावरचे अंतर मोजू नये. संगणकावरच्या अनेक नकाशांत तर 120 अंशांचा नियमही काटेकोर पाळलेला नसतो. रेघ पडद्यावर नीट उमटावी म्हणून दोन ठिपके आडवे आणि एक उभा असा उतार धरला जातो. तिथे जमिनीच्या दोन दिशांचे माप एक राहते, उंचीचे वेगळे होते. अशा नकाशावर भिंतीची उंची जमिनीच्या मापाने मोजली तर हिशेब चुकतो.

माणसाच्या डोळ्याला जग जसे दिसते तसे फॅरिश यांचे चित्र कधीच नव्हते. दूरची वस्तू त्यात लहान होत नाही. डोळ्याचा तेवढा आग्रह त्यांनी जाणीवपूर्वक सोडून दिला, कारण चित्र पाहणाऱ्याला यंत्र स्वतःच्या हाताने जोडायचे होते. किल्ल्यात शिरलेल्या खेळाडूंची गरजही तीच असते. आपण कुठे उभे आहोत आणि जिना किती घरे दूर आहे, हे त्या सगळ्यांना एकाच चित्रावरून सारखेच कळावे लागते.