भुसावळच्या मातीतला अजिंठ्याचा मेजर

भुसावळ म्हटले की लोकांना तीन गोष्टी आठवतात. रेल्वे, ऊन आणि केळी. चौथी आठवायला कुणाला सवड नसते, कारण भुसावळला उतरणाऱ्यांपेक्षा भुसावळवरून पुढे जाणारेच अधिक. गाडी थांबते, पाण्याच्या बाटल्या भरून होतात, डझनभर केळी डब्यात येतात आणि गाडी सुटते. बँकेच्या नोकरीत माझी बदली या गावी झाली, तेव्हा मीही याच तीन गोष्टी ऐकून इथे उतरलो होतो. चौथी कळली ती फार उशिरा, आणि कळली तेव्हा इतकी वर्षे आपण काय पाहत होतो, असे वाटून गेले.

ती चौथी गोष्ट म्हणजे इथल्या जुन्या युरोपियन दफनभूमीतली एक कबर. तिच्यात मेजर रॉबर्ट गिल झोपला आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रे जगाला दाखवावीत म्हणून ज्याने आयुष्याची ऐन वर्षे अंधाऱ्या लेण्यांत काढली, तोच हा गिल. त्याची कहाणी सरळ नाही. तीत वाघ आहेत, कॅमेरा आहे, प्रेम आहे, एक मोठी आग आहे; आणि योगायोग तर इतके आहेत, की कादंबरीत लिहिले तर वाचक लेखकालाच खोटे पाडतील.

सुरुवातच शिकारीने होते. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा मद्रास लष्करातला एक अधिकारी वाघाच्या मागावर वाघूर नदीच्या घळीपाशी आला आणि समोरच्या कड्यात त्याला लेण्याची कमान दिसली. आत जाऊन या पठ्ठ्याने काय करावे? दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर स्वतःचे नाव आणि तारीख कोरून ठेवली! पर्यटनस्थळी नावे कोरणाऱ्यांची परंपरा अशी जुनी आहे. गंमत म्हणजे ते नाव आज आपल्या डोक्याच्याही वर दिसते. स्मिथ काही राक्षसी उंचीचा नव्हता. तेव्हा लेण्यात शतकानुशतकांचा गाळ आणि दगडमाती साचली होती, त्या ढिगावर तो उभा होता. पुढे जमीन साफ झाली आणि नाव वरच राहिले.

लेणी सापडली, पण चित्रांचे ग्रहही तिथूनच फिरले. ही चित्रे ओल्या गिलाव्यावर काढलेली नाहीत. खडकावर माती, भाताचे तूस आणि झाडपाल्याचे तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर रंग, अशी ती पद्धत. रंग बहुतेक आसपासच्या दगडमातीतले. निळा तेवढा दूरदेशीच्या मौल्यवान दगडाचा. असा लेप हजार-दीड हजार वर्षे टिकला, तो माणसांची ये-जा नव्हती म्हणून. ये-जा सुरू झाली आणि खपल्या पडू लागल्या. वटवाघळे होतीच, पाऊस होताच. पण आठवण म्हणून चित्राचा तुकडा सोलून नेऊ पाहणारे शिकलेसवरलेले लोकही होते. सोललेल्या चेहऱ्यांचा हातात भुगा होई.

ही नासाडी थांबवता येत नसेल तर निदान नकला तरी करून घ्या, असा आग्रह जेम्स फर्ग्युसनने धरला. निळीच्या व्यापारात पैसा मिळवून पुढे भारतीय वास्तूंचा अभ्यासक झालेला हा माणूस. १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे त्याने लेण्यांवर निबंध वाचला, कंपनी सरकार हलले आणि १८४४ मध्ये मद्रास लष्करातल्या कॅप्टन गिलची नेमणूक झाली. लंडनमध्ये १८०४ साली जन्मलेला, हात चित्रकाराचा, पेशा शिपायाचा. वय चाळीस. लग्न झालेले, मुलेबाळे असलेली.

अजिंठा गावातल्या बारादरीत त्याने मुक्काम ठोकला. गावापासून लेण्यांपर्यंत घाट उतरून जायचे, दिवसभर काम करायचे, परत यायचे. आज आपण लेण्यांत शिरतो तेव्हा मंद दिवे असतात, पहारेकरी असतो, बाहेर चहा मिळतो. गिलच्या वेळी काय असेल, याचा विचार करावा. आत काळोख, छताला वटवाघळे, कड्यांना मधमाश्यांची मोहोळे, रानात वाघ. काजळी धरलेल्या भिंतीसमोर उभे राहायचे, डोळे अंधाराला सरावले की एकेक रेषा शोधायची आणि ती तैलरंगात कॅनव्हासवर उतरवायची. एक-दोन महिने नव्हे. जवळजवळ वीस वर्षे.

आम्हा बँकवाल्यांना नकलेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शिक्का मारून, सही करून सत्यप्रत म्हणून दिलेल्या कागदावर आमचे निम्मे जग चालत असे. पण सत्यप्रत करणाऱ्याचे नाव कधी कुणी वाचले आहे? मूळ कागद ज्याचा, त्याचे नाव. खालची सही ही नुसती सही. गिलने पत्करलेले काम हे असे होते. स्वतःची रेघ मारायची नाही, स्वतःचा रंग भरायचा नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या अनामिक चित्रकारांचा हात आपल्या हातात आणायचा.

फावल्या वेळात गिलसाहेब दोन गोष्टी करी. एक शिकार. त्याने दीडशे वाघ मारले, असे सांगितले जाते. आकड्यात शिकारकथेची फोडणी असू शकेल, पण तेव्हाच्या त्या रानात वाघ उदंड होते आणि गिल नेमबाज होता, यात शंका नाही. ज्या नदीच्या नावातच वाघ ऐकू येतो तिच्या काठी आता वाघाचे ठसे शोधूनही मिळत नाहीत, यात अशा साहेबांच्या बंदुकींचाही वाटा आहे. ते विसरून त्याला नुसता थोर म्हणणे बरे नव्हे.

दुसरा नाद कॅमेऱ्याचा. फोटोग्राफी तेव्हा बाल्यावस्थेत होती. जवळजवळच्या दोन भिंगांतून एकाच दृश्याचे दोन फोटो घ्यायचे आणि ते खास चष्म्यातून पाहिले की दृश्याला खोली येते. तसले जोड-फोटो गिल काढी. १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या टिपणांसह त्याच्या फोटोंची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. एकात लेणी होती. दुसऱ्यात पश्चिम भारतातल्या वास्तूंबरोबर रानातले प्राणीही होते. लहानपणी जत्रेत पेटीला डोळा लावून आपण ताजमहाल पाहिला असेल. तसे लंडनच्या दिवाणखान्यांत बसून लोकांनी आपल्या सातमाळा डोंगरातली जनावरे पाहिली.

आणि पारो. ही अजिंठ्याच्या परिसरातली मुलगी. गिलच्या आयुष्यात ती कशी आली याच्या कथा पुष्कळ आहेत. पुरावा एकच, तिची कबर. अजिंठा गावात ती आहे. पारोचे निधन २३ मे १८५६ चे. आपल्या लाडक्या पारोच्या स्मरणार्थ हा दगड बसवला, अशा अर्थाचा मजकूर कोरून गिलने खाली स्वतःचे नाव घातले. घरी बायको असलेला गोरा अधिकारी आणि गावातली गरीब मुलगी, हे नाते बरोबरीचे कसे म्हणावे? पण त्या काळात अशी नाती लपवली जात, कागदोपत्री येऊ दिली जात नसत. गिलने ते दगडावर कोरले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या रेषा गिरवणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनातले असे उघड्यावर लिहिले, ते बहुधा इथेच.

आता आगीकडे येऊ. गिलचे सुमारे तीस भव्य चित्रपट टप्प्याटप्प्याने लंडनला गेले होते. त्यातले बहुतेक क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले गेले. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी बांधलेला आणि पुढे सिडनहॅमला हलवलेला, लोखंड आणि काचेचा हा प्रचंड महाल म्हणजे त्या युगाचे आश्चर्यच. डिसेंबर १८६६ मध्ये त्याच्या उत्तरेकडच्या भागाला आग लागली आणि गिलची चित्रे तीत जळाली. वाचली ती फक्त तिथे न लावलेली चार-पाच. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. वीस वर्षांतले जवळजवळ सगळे काम एका आगीत गेले. जळालेल्या काही चित्रांचा मागमूस उरला, तो मिसेस स्पायर यांच्या प्राचीन भारतावरच्या एका पुस्तकातल्या छोट्या ठशांमध्ये.

बातमी कळली तेव्हा गिल बासष्ट वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाला नातवंडे मांडीवर घेऊन मागचा हिशेब मिटवतात. याने पुन्हा काम करू द्या म्हणून सरकारकडे मागणी केली! पण मोठी मोहीम पुढे दुसऱ्याकडे गेली. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येऊ लागले. पेस्तनजी बोमनजी हे त्यांतले ठळक नाव. तेरा वर्षे हे काम चालले. त्या चित्रांचे काय झाले? तीही लंडनला गेली आणि १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातली बरीचशी जळाली. पुढे जपानी चित्रकार अराई काम्पो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात नकला केल्या. त्या टोकियोला ठेवल्या होत्या. १९२३ च्या महाभूकंपात त्या नष्ट झाल्या.

अजिंठ्याच्या नकलांना शाप आहे, असे लोक म्हणू लागले ते यावरून. मी जन्मभर किल्ल्या सांभाळल्या, त्यामुळे मला शापापेक्षा कपाट आठवते. सगळ्या प्रती एकाच कपाटात ठेवू नयेत, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. जगाच्या राजधान्यांनी तो पाळला नाही. शिवाय लेडी हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुणांना घेऊन केलेल्या नकला १९१५ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या गेल्या. शाप तिथे चालला नाही, कारण पुस्तकाच्या प्रती घरोघर पोचल्या होत्या.

खरी हळहळ वेगळीच आहे. नक्कल जळाली तरी मूळ आहे ना, असे आपण सहज म्हणतो. पण भिंतीवरचे मूळही १८४४ सारखे राहिलेले नाही. गिलने पाहिलेले काही चेहरे, काही हात, काही दागिने पुढच्या वर्षांत गळून गेले. त्यांची साक्ष फक्त त्याच्या कॅनव्हासवर होती. म्हणजे त्या आगीत नुसती नक्कल जळाली नाही. थोडे मूळही जळाले.

१८७९ च्या एप्रिलमध्ये गिल आजारी पडला. त्याला उपचारासाठी भुसावळकडे आणत होते. तो आला तेव्हा या मुलखात रेल्वे नव्हती. आता भुसावळ हे रेल्वेचे भरभराटीचे गाव झाले होते. खानदेशातला एप्रिल आपल्याला ठाऊक आहे. धडधाकट माणूस दुपारी घराबाहेर पडत नाही. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचा तो म्हातारा जिवंत पोचला नाही. भुसावळलाच त्याला मूठमाती मिळाली.

पुढे मराठीने त्याला जवळ केले. अजिंठ्याच्या परिसरातल्याच पळसखेड्याचे कवी ना. धों. महानोर यांनी गिल आणि पारोवर ‘अजिंठा’ हे काव्य लिहिले. त्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये त्याच नावाचा चित्रपट काढला. योगायोगांची साखळी इथेही तुटत नाही. देसाई २ ऑगस्ट २०२३ रोजी गेले आणि महानोर दुसऱ्याच दिवशी, ३ ऑगस्टला. पडद्यावरची पारो नाचली, गायली, लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. पण चित्रपट पाहून अजिंठ्याला जाणाऱ्यांपैकी भुसावळला उतरणारे किती?

म्हणून एक सुचवतो. मुलाबाळांना घेऊन अजिंठ्याला जाल तेव्हा लेण्यांसमोरच्या नदीकडे नीट पाहा. घोड्याच्या नालासारख्या कड्याखालून वाहणारी ती वाघूर तिथेच संपत नाही. डोंगर सोडून ती जामनेरच्या मुलखातून उत्तरेला येते आणि साकेगावाजवळ, भुसावळच्या अगदी वेशीशी, महामार्गाला आडवी जाऊन तापीला मिळते. जळगावकडून येणारी गाडी भुसावळच्या आधी वाघूरचा पूल ओलांडते. पारो वरच्या गावात राहिली, गिल खाली भुसावळला आला. मध्ये साठेक किलोमीटरचे अंतर. पुलावर गाडीचा खडखडाट बदलला की मुलांना खिडकीशी बोलवा आणि दाखवा. उन्हाळ्यात पाणी बेताचेच असेल. पण नदी तीच आहे.