नंदलाल बोस : चित्रकाराची मीठभाकर

मुलाने चित्रकार होण्याचा मनोदय बोलून दाखविला की नोकरदार घरात पहिला प्रश्न पोटाचा निघतो. 1882 साली बिहारमध्ये जन्मलेल्या नंदलाल बोस यांच्या घरीही तो निघाला होता. महाविद्यालयीन परीक्षेत अपयश आले, आप्तांच्या आग्रहाखातर वाणिज्याचे वर्गही करून पाहिले. (ते सुटले यात अर्थव्यवहाराची काही हानी झाली नाही, हे आम्हा अर्थशास्त्राच्या अध्यापकांनी मान्य करावे.) अखेर 1905 च्या सुमारास कलकत्त्याच्या कलाशाळेत त्यांनी अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्यत्व पत्करले.

पुढे शांतिनिकेतनच्या कलाभवनात सुमारे तीन दशके त्यांनी अध्यापन केले. चित्र विकले तरच चूल पेटेल, ही अवस्था त्या पगाराने टाळली आणि कुंचला गिऱ्हाइकाच्या मर्जीतून सुटला, असे आम्हांस वाटते.

1936 साली गांधीजी वर्ध्याहून सेगावी राहावयास गेले. त्याच डिसेंबरात खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले. त्याची सजावट त्यांनी नंदलालांवर सोपविली. आपण चित्रकार, वास्तुशिल्पी नव्हे, हा नंदलालांचा संकोच गांधीजींनी मानला नाही. बांबूसारख्या गावच्याच साहित्यातून नगर उभे राहिले. 1938 च्या हरिपुरा अधिवेशनासाठी तर त्यांनी शिंपी, ढोलवादक, धान्य कांडणाऱ्या बाया हातकागदावर मातीच्या रंगांत रंगविल्या. शिष्यांनी केलेल्या प्रतींसह ती शेकडो चित्रे मंडपात लागली. विक्रीसाठी त्यांतले एकही नव्हते.

भारतीय संविधानाची पाने शिष्यांसह सजविली, तेव्हाही ते कलाभवनात शिकवीतच होते.