परभाषेतील अधिकार : अलेक्झांडर किपनिस यांची गायनकारकीर्द

रिशार्ड वाग्नर यांनी १८५० मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात ज्यू समाजासंबंधी एक सिद्धान्त मांडला होता. ज्यू माणूस ज्या देशात राहतो तेथील भाषा तो शिकलेली भाषा म्हणून बोलतो, जन्मजात भाषा म्हणून नव्हे. म्हणून त्या भाषेत त्याला काव्य वा संगीत खऱ्या अर्थाने निर्माण करता येत नाही, असा त्याचा आशय होता. पुढे हा विचार केवळ वाङ्मयीन राहिला नाही. बास गायक अलेक्झांडर किपनिस यांचे चरित्र या सिद्धान्ताच्या पार्श्वभूमीवर पाहिले, तर त्याला एका गायकाच्या यशोगाथेपलीकडचा अर्थ प्राप्त होतो.

किपनिस यांचा जन्म १८९१ मध्ये, तेव्हा रशियन साम्राज्यात आणि आज युक्रेनमध्ये असलेल्या झितोमिर या गावी एका गरीब ज्यू कुटुंबात झाला. बाराव्या वर्षी पितृछत्र हरपल्यावर त्यांनी सुतारकामाची उमेदवारी केली आणि सिनॅगॉगमध्ये बालस्वरात गाऊन घराला हातभार लावला. आवाज फुटल्यानंतर काही काळ ते यिद्दिश नाटकमंडळीत होते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी वॉर्सा येथील संगीतविद्यालयात प्रवेश घेतला. तेथून ते बर्लिनला गेले व एर्न्स्ट ग्रेन्त्सेबाख यांचे शिष्य झाले. पुढे वाग्नर-गायक म्हणून ख्याती पावलेले लाउरिट्स मेल्खिओर हेही ग्रेन्त्सेबाख यांचेच शिष्य होत.

पहिले महायुद्ध सुरू होताच रशियन प्रजाजन म्हणून किपनिस यांना जर्मनीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांच्या आवाजामुळेच त्यांची सुटका झाली. १९१५ मध्ये हॅम्बुर्ग, नंतर व्हीसबाडेन आणि १९२२ पासून बर्लिन, असा त्यांच्या रंगभूमीवरील प्रवासाचा क्रम आहे. १९२३ पासून ते शिकागोच्या ऑपेरातही गाऊ लागले. १९२७ मध्ये बायरॉइट येथे, वाग्नर यांच्याच उत्सवरंगभूमीवर, त्यांनी ‘पार्सिफाल’मधील वृद्ध सरदार गुर्नेमान्झ याची भूमिका केली. त्या वर्षीच्या ध्वनिमुद्रणाचे संचालन संगीतकाराचे पुत्र सीगफ्रीड वाग्नर यांनी केले होते. पित्याच्या सिद्धान्ताचे खंडन पुत्राच्या संचालनाखाली व्हावे, हा इतिहासातील योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तथापि किपनिस यांचा भाषेवरील अधिकार ऑपेरापेक्षा ‘लीड’ या जर्मन गीतप्रकारात अधिक स्पष्ट होतो. हा प्रकार शब्दप्रधान आहे. एक गायक, एक पियानो आणि एक कविता एवढ्यावरच तो उभा असतो. वेशभूषा, कथानक वा वाद्यवृंद यांचा आधार तेथे नसतो; उच्चारातील किंचित शैथिल्यही लपत नाही. किपनिस यांचा खर्जातील आवाज भव्य होता, परंतु तो आवरून जवळजवळ कुजबुजीइतका मृदू करण्याची सिद्धी त्यांच्याजवळ होती. ह्यूगो वोल्फ आणि ब्राम्स यांच्या गीतांची त्यांची मुद्रणे लंडन येथे वर्गणीदारांच्या सोसायट्यांसाठी झाली. ब्राम्सच्या गीतांना १९३६ मध्ये गेराल्ड मूर यांची पियानोसाथ होती. आजही ही मुद्रणे प्रमाणभूत मानली जातात.

याच काळात जर्मनीत ज्यू कलावंतांची हकालपट्टी सुरू होती. एप्रिल १९३३ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांतून त्यांना दूर करण्याचा मार्ग मोकळा झाला. किपनिस यांनी १९३५ मध्ये बर्लिन सोडले व व्हिएन्ना गाठले. १९३७ मध्ये साल्झबुर्ग येथे तोस्कानिनी यांच्या संचालनाखाली ते मोझार्टच्या ‘जादूची बासरी’त झारास्त्रो झाले. मार्च १९३८ मध्ये ऑस्ट्रिया जर्मनीने गिळंकृत केल्यावर तेही दार बंद झाले.

अमेरिकेने आश्रय दिला, हे खरे. पण तेथील सर्व दारे लगेच उघडली असे मानणे चूक ठरेल. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांचे पदार्पण ५ जानेवारी १९४० रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी झाले. भूमिका पुन्हा गुर्नेमान्झचीच होती. १९४३ मध्ये ‘बोरिस गोदुनोव’ सादर झाले, तेव्हा किपनिस रशियन भाषेत गायिले आणि इतर सर्व इटालियनमध्ये. ज्या साम्राज्यात ज्यू म्हणून ते उपरे होते, त्याच्याच सम्राटाला त्याची भाषा त्या रंगमंचावर एकट्या त्यांनी दिली.

१९४६ मध्ये त्यांनी मेट्रोपॉलिटन सोडले. उत्तरायुष्यात ते अध्यापनाकडे वळले आणि जुलियार्ड विद्यालयातही त्यांनी शिकविले. या काळात अमेरिकेतील संगीतशिक्षणाला स्थलांतरित गायकांनी नवे परिमाण दिले. मॅनहॅटन विद्यालयात फ्रीड्रिश शोर आणि जुलियार्डमध्ये जेनी तुरेल ही त्याची ठळक उदाहरणे होत; हे दोघेही ज्यू होते. जर्मन गीत ज्यांची मातृभाषा इंग्रजी अशा विद्यार्थ्यांना शिकवताना किपनिस यांना स्वतःचा पूर्वानुभव उपयोगी पडला असेल, असे अनुमान करता येते. कारण त्यांनाही ते जन्माने मिळाले नव्हते, शिकूनच मिळाले होते.

१४ मे १९७८ रोजी वेस्टपोर्ट, कनेक्टिकट येथे त्यांचे निधन झाले. शिकलेली भाषा कायम परकीच राहते, हे १८५० चे प्रतिपादन त्यांच्या कारकीर्दीसमोर टिकत नाही. भाषेवरील हक्क वंशाने सिद्ध होत नाही. तो शब्दागणिक, स्वरागणिक मिळवावा लागतो, आणि म्हणूनच तो दुसऱ्याला देताही येतो.