सोड्याच्या दुकानातून उभं राहिलं भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज

एक दात पडला, तर डॉक्टर आजूबाजूचे दोन दात घासून ब्रिज बसवतात आणि माणूस पुन्हा भाकरी चावायला लागतो. छत्रपती संभाजीनगरमध्ये घाटीच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. ते सुरू झालं १९८२ मध्ये. त्याच्या ६२ वर्षं आधीपर्यंत अख्ख्या भारतात एकही डेंटल कॉलेज नव्हतं. ते पहिलं कॉलेज काढणाऱ्या माणसाचं नाव डॉ. रफीउद्दीन अहमद.

अहमद यांचा जन्म २४ डिसेंबर १८९० चा, पूर्व बंगालमधला, म्हणजे आजच्या बांगलादेशातला. अलीगढला शिकून ते अमेरिकेत गेले आणि आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेतली. मग बोस्टनच्या फोरसिथ दंत दवाखान्यात काम केलं. तिथंच राहिले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण १९१९ मध्ये ते परत आले.

तेव्हा आपल्याकडे दात दुखला की तो उपटायचा, एवढाच उपाय बहुतेकांना माहीत होता. हे काम न्हावी करायचे, नाहीतर बाजारात बसणारे दातवाले. शिकलेला डॉक्टर हवा, तर आधी तो शिकवणारं कॉलेज हवं.

१९२० मध्ये अहमद यांनी कलकत्त्यात ते कॉलेज सुरू केलं. पैशाचं काय? त्यासाठी त्यांनी शहरात 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचं दुकान काढलं आणि त्याच्या कमाईतून कॉलेज उभं केलं. १९२५ मध्ये दंतवैद्यकाचं नियतकालिक काढलं आणि १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पुस्तकही लिहिलं.

पण कॉलेज काढून प्रश्न अर्धाच सुटला होता. शिकलेला डॉक्टर आणि न शिकलेला दातवाला, दोघंही तोच धंदा करत होते. पेशंटला फरक कळणार कसा? म्हणून अहमद कायद्याच्या मागे लागले. आधी १९३९ चा बंगालचा कायदा झाला आणि १९४८ मध्ये देशभरासाठी डेंटिस्ट्स ॲक्ट आला. दंतवैद्यांची सरकारी नोंदवही तयार झाली.

ही नोंद का महत्त्वाची, ते ब्रिजवरून कळतं. दात गेला की शेजारचे दात फटीकडे कलतात आणि समोरचा दात फटीत उतरायला लागतो. ब्रिजमध्ये दोन्ही बाजूच्या दातांवर कॅप बसते आणि मधला खोटा दात त्या कॅपना जोडलेला असतो. म्हणजे तीन दातांचा भार दोनच दात उचलतात. त्या दोघांची मुळं, हाड आणि हिरडी पक्की आहे का, हे एक्स-रे काढून आधी बघावं लागतं.

रस्त्यावरचा दातवाला यातलं काहीच बघत नाही. तो तयार खोटा दात प्लास्टिकच्या लेपाने शेजारच्या दातांना चिकटवतो, कधी तारेने बांधतो. काम स्वस्तात आणि तासाभरात होतं. पण त्याखाली अन्न अडकतं, हिरडी सुजते आणि धडधाकट दातही हलायला लागतात. एक दात बसवायला गेलेला माणूस तीन गमावून बसतो.

१९४९ मध्ये अहमद यांनी स्वतः उभं केलेलं कॉलेज पश्चिम बंगाल सरकारच्या हवाली केलं. १९५० ते १९६२ या काळात ते बिधानचंद्र रॉय यांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. १९६४ मध्ये पद्मभूषण मिळालं आणि ९ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचं निधन झालं. आज ते कॉलेज त्यांच्याच नावाने चालतं आणि त्यांचा जन्मदिवस भारतात राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

घाटीत असो की गल्लीतल्या क्लिनिकमध्ये, ब्रिज बसवून घेण्याआधी एक गोष्ट नक्की करा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघा. लाजू नका, विचारणं हा तुमचा हक्क आहे. तो क्रमांक असावा, यासाठी एका माणसाने उभी हयात घालवली आहे.